रखमाबयची उघाडी

गोडदेवच्या बाळा केणींनी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत 'मला ठाऊक नाही' हे वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं. पस्तीस वर्षांच्या शेजाराच्या जोरावर मी हे सांगते. पाण्याची लाइन कुठून गेलीय, कोणत्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे, सरकार किती दिवस टिकणार, माझ्या बुद्धभूषणने वकील व्हावं की इंजिनीअर, सगळ्याची उत्तरं तयार. त्यातली निम्मी चुकायची. पण चुकीचं उत्तरही ते इतक्या ठणठणीत आवाजात द्यायचे की ऐकणाऱ्यालाच आपलं काहीतरी चुकलंय असं वाटायचं.

मी वैजयंता. मूळची जिंतूरकडची, पालिकेच्या शाळेत शिकवायला म्हणून इकडे आले. त्या वेळी खोली दाखवण्याआधी लोक माझं आडनाव विचारायचे आणि मग खोली एकदम भाड्याने गेलेली असायची. बाळादादांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "बाई, तुमी पोरांना मारता का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग ती शिकनार कशी?"

त्यांनी खोली दिली आणि आमचा वाद त्या दिवशी सुरू झाला. पुढे चाळ पाडून सात मजल्यांची इमारत झाली, ते पहिल्या मजल्यावर आणि मी दुसऱ्या मजल्यावर गेले, दोघंही निवृत्त झालो, पण वाद तोच राहिला. रोज पाचला खालच्या बाकावर. त्यांचं म्हणणं, मार दिल्याशिवाय माणसाच्या पोटातलं बाहेर येत नाही. माझं म्हणणं, मार दिल्यावर जे बाहेर येतं ते पोटातलं नसतं. हे मी तेव्हा तोंडी लावण्यासारखं म्हणायचे. त्याचा पुरावा एक दिवस त्यांच्याच घरातून निघेल, असं मला वाटलं नव्हतं.

बाळादादांचा जन्म मिठागरातला. म्हणजे अगदी बांधावरचा नाही, पण फार लांबही नाही. मिठागराच्या बांधाला खाडीचं पाणी आत घ्यायला लाकडी फळ्यांचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. एका उधाणाला खालच्या उघाडीची फळी तुटली. खाडी आत घुसली असती तर मोसमभराचं मीठ विरघळलं असतं. बाळादादांच्या आईने, रखमाबाईने, छातीभर पाण्यात उभं राहून त्या भगदाडाला पाठ लावली आणि पुरुष माणसं नवी फळी घेऊन येईपर्यंत ती हलली नाही. तेव्हा तिला नववा महिना होता. चौथ्या दिवशी बाळादादा झाले. गावात त्या जागेला 'खालची उघाडी' म्हणतात, सरकारी नकाशात तिला नुसता आकडा आहे. पण केणींच्या घरात, आणि फक्त केणींच्या घरात, ती 'रखमाबयची उघाडी'. बय म्हणजे आई. मला ही गोष्ट पस्तीस वर्षांत एकदाच कळली, रखमाबाई गेली त्या दिवशी. बाकी वेळी ते नाव घराबाहेर पडत नसे.

बाळादादा पुढे त्याच मिठागरात मुकादम झाले. खाडीचं पाणी केव्हा चढेल नि केव्हा उतरेल हे ते बोटाच्या पेरांवर सांगायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे गणित त्यांनी मला शिकवायचा बराच प्रयत्न केला. यात मात्र ते कधी चुकले नाहीत.

आणि बबन. त्यांचा धाकटा भाऊ. मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला मुंबईत गेला होता आणि बाजारात एका स्कूटरला लावलेला बॉम्ब फुटला. बाळादादांनी त्याला ओळखलं ते पायातल्या चपलेवरून. त्यानंतर आमच्या वादाला धार आली. ते म्हणायचे, "बाई, त्या बाजारात बॉम्ब हाय हे एका तरी हरामखोराला आदल्या दिवशी ठावं होता का न्हाय? तो गावला असता तर तुमी काय केला असता? वांग्याची भाजी वाढली असती?"

बबनच्या बायकोला मी रोज जिन्यात भेटत होते. तिच्यासमोर उभं राहून 'नाही, त्याला हात लावायचा नाही' म्हणायची माझी हिंमत नव्हती, हे कबूल करते.

किनाऱ्यावर नजर ठेवायला स्थानिक माणसांची एक समिती निघाली तेव्हा बाळादादा पहिल्या दिवशी नाव देऊन आले. त्यांना गळ्यात घालायचं कार्ड मिळालं, शिट्टी मिळाली, एक फोन नंबर मिळाला. शिट्टी ते घरातही वाजवायचे. नात कृतिका त्यांना कमांडर म्हणायची.

दोन वर्षांपूर्वीच्या पौषात त्यांना रखमाबयच्या उघाडीजवळ तीन वेळा एकच तरुण दिसला. पाठीला बॅग, डोळ्याला दुर्बीण, हातात वही. तिसऱ्या वेळी त्यांनी नंबर फिरवला. दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या पथकाचे एक साहेब त्यांच्या घरी चहाला बसले. साहेब अदबशीर होते, डोळे झोप नसल्यासारखे लाल. त्यांनी विचारलं, "काका, समजा कोणाला इथे समुद्रातून काही उतरवायचं असेल, तर कसं उतरवेल?"

आता असा प्रश्न बाळादादांना विचारणं म्हणजे धरणाचा दरवाजा उघडणं. त्यांनी लग्नाची एक जुनी पत्रिका ओढली आणि तिच्या पाठीवर नकाशा काढला. माल पुनवेच्या उधाणाला येणार. रखमाबयच्या उघाडीशी लागणार, कारण तिथे पाणी खोल. आठ पेट्या असणार, कारण छोट्या होडीत आठच मावतात. आणि वर निळी ताडपत्री. ताडपत्री निळीच का, तर त्यांच्या स्वतःच्या होडीवर निळी असायची. हे सगळं त्यांनी पत्रिकेवर लिहूनही दिलं. कृतिकाने त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'कमांडर ऑन ड्यूटी'. पत्रिका साहेब घेऊन गेले. बुधवारी तो तरुण उचलला गेला.

त्याचं नाव अनिश. आडनाव मी मुद्दाम सांगत नाही. आडनाव ऐकलं की लोक निकाल लावून मोकळे होतात, आणि मी तो अनुभव स्वतः घेतलेला आहे. बोलण्यावरूनही ओळखायला जाऊ नका, आमच्या भागात सगळे सगळ्या भाषा बोलतात. तो खारी नावाच्या वस्तीत आईबरोबर राहायचा, एसी दुरुस्तीची कामं करायचा, आणि हिवाळ्यात काम कमी असलं की खाडीवर पक्षी मोजायचा. वहीत लिहिलेलं असायचं, 'शे ४२, तु १७, उत्तर, ५.५०'. म्हणजे बेचाळीस शेकाटे, सतरा तुतवार, उत्तरेकडे गेले, सहाला दहा कमी. बॅगेत वायरी आणि नट आवळायचे पाने होते, कारण तो कामावरून परस्पर तिकडे जायचा.

हे सगळं त्याने पहिल्या तासातच सांगितलं होतं. पहिल्या तासात त्याने खरं सांगितलं आणि ते कोणाला पटलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने खोटं सांगितलं आणि ते लगेच पटलं. या एका गोष्टीचा मला आजही संताप येतो.

शनिवारी बाळादादा बाकावर आले ते छाती काढून. "बाई, हरलात तुमी. सगला ओकला तो. साहेबांनी मना वाचून दाखवला."

"काय ओकला?"

"पुनवेला होडी आली. आठ पेट्या, वर निली ताडपत्री. उतरवल्या कुठं? रखमाबयच्या उघाडीशी!" त्यांनी बाकावर थाप मारली. "मी बोललो तसाच. अक्षर न् अक्षर! माल आता कुठं हाय तेवढा बाकी हाय. उद्या त्याला जागेवर आनतात, पंच म्हनून मना बोलावलाय."

मी तीस वर्षं पेपर तपासलेत. दोन मुलांनी एकच बरोबर उत्तर लिहिलं तर शिक्षकाला काही वाटत नाही. दोघांची एकच चूक आली की कळतं, कोणी कोणाचं बघून लिहिलंय.

मी विचारलं, "बाळादादा, रखमाबयची उघाडी हे नाव त्या पोराला कोणी सांगितलं?"

त्यांनी दुसऱ्या थापेसाठी उचललेला हात खाली घेतला.

"मी तुमच्या शेजारी इतकी वर्षं राहते, तरी मला ते बयच्या मयताच्या दिवशी कळलं. गावातल्या माणसांना ते माहीत नाही. खारीतल्या एसीवाल्याला कसं कळलं? आणि तुमच्या होडीची निळी ताडपत्री त्याच्या होडीवर कशी?"

ते उठले. "तुमाला बबन दिसत न्हाय, बाई. तुमाला तो पोरगाच दिसतो," असं म्हणाले आणि निघून गेले. पस्तीस वर्षांत त्यांनी बाक माझ्याआधी पहिल्यांदाच सोडला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावे असं काही वाटलं नाही.

रविवारी सकाळी अकराला बांधावर काय झालं ते मला त्यांनीच नंतर चार वेळा सांगितलं. चारही वेळा एकसारखं, आणि हे त्यांच्या बाबतीत नवलच होतं.

दुसरा पंच म्हणून हार्डवेअरवाला मितेश आला होता. त्याने जीपमध्येच कोऱ्या कागदावर सही करून टाकली होती आणि तो घाई करत होता, "काका, आप भी कर दो ने, दुकान खुल्ला छोडके आया हूँ." अनिशला गाडीतून उतरवलं. त्याच्या पायात त्याच्या मापाच्या दुप्पट रबरी चपला होत्या, कारण पाय लहान चपलेत मावत नव्हते. तो तळवे टेकत नव्हता, कडांवर चालत होता, तापलेल्या पत्र्यावर चालावं तसा. बाळादादांची नजर त्या चपलांवर खिळली. चपलांवरून माणूस ओळखायची वेळ त्यांच्यावर आधी एकदा आली होती.

साहेब म्हणाले, "दाखव. कुठे उतरवला माल?"

बांधाला एका रांगेत चार उघाड्या आहेत. अनिशने एकीकडेही पाहिलं नाही. तो साहेबांच्या तोंडाकडे पाहत पुढे चालला. पहिली उघाडी गेली, दुसरी गेली. तिसरीपाशी साहेबांचा चेहरा जरासा बदलला आणि अनिश लगेच थांबला. बोट केलं. "इथे, सर. रखमाबाईची उघाडी."

"बाई," बाळादादा मला म्हणाले, "वर्गात एखादा पोरगा फल्याकडं न बगता मास्तरच्या तोंडाकडं बगत उत्तर देतो ना, तसा."

साहेबांनी कागद पुढे केला. त्यात पौर्णिमेची तारीख होती आणि वेळ होती संध्याकाळची पाच पन्नास. ती अनिशच्या वहीतली वेळ, कारण साहेबांच्या हाती पुरावा म्हणून तेवढी वहीच होती. पुनवेचं उधाण बाळादादांकडून घेतलं, वेळ वहीतून घेतली आणि दोन्ही एकाला एक जोडली. बाळादादांचा अंगठा आपोआप पेरांवर फिरला. पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. पुनवेला भरती दुपारी बाराच्या आत. म्हणजे सहाच्या सुमाराला तळ उघडा पडणारी ओहोटी. आणि उधाण जेवढं मोठं, ओहोटी तेवढीच खोल. त्या वेळी रखमाबयच्या उघाडीपाशी होडी सोडाच, कागदाची नाव तरंगेल इतकंही पाणी नसतं. गुडघाभर चिखल असतो, आणि चिखलात किडे टिपायला पक्षी येतात. म्हणूनच पक्षी मोजणारा माणूस त्या वेळी तिथे जातो. नंतर कळलं, वहीतली एकूण एक वेळ ओहोटीची होती. इतके दिवस ती वही सगळ्यांच्या हातात होती, पण ती वाचता येणारा माणूस घरी शिट्टी वाजवत बसला होता.

ते बोलायला गेले, "साहेब, हा टायम..."

"काय, टाइम चुकलाय?" साहेब झुकले. आवाजात राग नव्हता, उत्सुकताच होती. "सांगा ना काका. किती वाजता पाहिजे? संध्याकाळपर्यंत त्याच्याकडून बरोबर करून घेतो."

आणि अनिश घाईघाईने म्हणाला, "सर, तुम्ही म्हणाल तो टाइम लिहा. मी हो म्हणतो. आत्ताच हो म्हणतो, सर."

बाळादादा सांगतात, त्या क्षणी त्यांना कळलं. आपण इथे जे जे बोलू ते संध्याकाळी त्या पोराच्या तळपायातून बाहेर निघणार. चूक दाखवली तर चूक दुरुस्त होईल आणि खोटं आणखी घट्ट होईल. खरं बोलायची सोयच त्या जागी उरली नव्हती. जन्मभर न मिटलेलं तोंड त्यांनी मिटलं. "चष्मा घरी रायला, साहेब. वाचल्याबगर सही कशी करू? उद्या करतो," म्हणाले. चष्मा सदऱ्याच्या खिशात होता आणि अर्धा बाहेर डोकावत होता. साहेबांनी तो पाहिला की नाही, देव जाणे. ते इतकंच म्हणाले, "कोठडी उद्या संपते, पुन्हा कोर्टात हजर करायचंय त्याला, काका. सकाळच्या आत करा."

एक वाजता ते माझ्या दारात आले. मी भाकरी थापत होते. उंबऱ्यातूनच म्हणाले, "बाई, तो पेपर माजाच हाय. त्यानं माजाच बगून लिवलाय."

मी हात धुतले. त्यांना पाणी दिलं. ते रडतील असं मला वाटलं होतं, पण ते रडणाऱ्यातले नाहीत. ते म्हणाले, "आता काय करायचा ते सांगा. वाद नंतर घालू."

माझी एक विद्यार्थिनी, समिधा, वकील आहे. अनिशच्या आईने तिलाच गाठलं होतं, कारण असल्या कामाला आमच्याकडे हो म्हणणारी वकील तीच. आम्ही रिक्षाने तिच्याकडे गेलो. बाळादादांनी सगळं सांगितलं. समिधाने सरळ विचारलं, "काका, तुम्ही जे साहेबांना सांगितलं ते अनिशला पकडायच्या आधी, हे कशावरून? पत्रिका तर त्यांच्याकडे आहे."

मग कृतिकाचा फोटो निघाला. पत्रिकेची पाठ, त्यावर बाळादादांचं कोंबडीच्या पायांचं अक्षर, रखमाबयची उघाडी, आठ पेट्या, निळी ताडपत्री, आणि वर तारीख आणि वेळ. अनिशला उचलण्याच्या आदल्या दिवसाची. समिधाने तो फोटो तीनदा मोठा करून पाहिला.

ती म्हणाली, "काका, हे कोर्टात द्यायचं तर तुम्हालाही उभं राहावं लागेल. तुम्हीच त्याला पकडून दिलंत हेही निघेल. लोक दोन्हीकडून बोलतील."

"बोलू दे. मी तरी कवा गप रायलोय?"

सोमवारी मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी लग्नातला पांढरा शर्ट घातला होता आणि गळ्यात समितीचं कार्ड. समिधाने फोटो दिला, भरती-ओहोटीचं छापील कोष्टक दिलं, अनिशच्या पायांकडे बघा अशी विनंती केली. न्यायाधीश बाईंनी कोष्टक वाचलं. बाळादादांचा तोंडी हिशेब आणि छापील वेळ यांत वीस मिनिटांचा फरक होता. बाळादादांच्या मते कोष्टक चुकलं होतं.

मग बाईंनी त्यांना विचारलं, "तुमच्या मते हा मुलगा निर्दोष आहे?"

या माणसाला प्रश्न विचारलाय म्हटल्यावर आता काय काय ऐकावं लागेल ते मला माहीत होतं.

"मना ठावं न्हाय," बाळादादा म्हणाले. "तो चांगला हाय का वंगाल हाय, मना ठावं न्हाय, साहेब. मना येवढाच ठावं हाय, का हा जबाब त्याचा न्हाय. माजा हाय. त्याला मारून माजाच बोलना त्याच्या तोंडात भरलाय."

अनिशला त्या दिवशी पथकाच्या ताब्यात परत दिलं नाही. डॉक्टरांकडे पाठवलं, मग तुरुंगात, आणि साडेपाच आठवड्यांनी तो घरी आला. खाडीत आठ पेट्या नव्हत्या, कारण त्या कधीच नव्हत्या. साहेबांची बदली झाली म्हणतात. ते दुष्ट नव्हते, हे मी आजही सांगते. त्यांना खरोखर वाटत होतं की आपण लोकांचे जीव वाचवतोय. तीन दिवस तीन माणसं एका पोरावर राबली, आणि त्या तीन दिवसांत कोणी खरंच होडी घेऊन आलं असतं तर बांधावर बघायला कोणी नव्हतं.

इकडे बाळादादांचं कार्ड आणि शिट्टी परत मागवली गेली. मितेश जिन्यात तोंड फिरवू लागला. इमारतीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, 'भावाचं रक्त विसरणारे लोक'. बाळादादांनी त्याला फोन करून दहा मिनिटं त्यांच्या नेहमीच्या आवाजात असं काही सुनावलं की तो माणूस ग्रुपमधून बाहेर पडला. शिट्टीचं मात्र त्यांना वाईट वाटलं. शिट्टी चांगली होती.

बाकावरचा वाद पुन्हा सुरू झाला, पण आता बाजू बदलून. मीच एकदा मुद्दाम त्यांचाच प्रश्न त्यांना टाकला. "बाळादादा, बाजारात बॉम्ब आहे. तासाभरात फुटणार. पकडलेल्याला जागा माहीत आहे. आता बोला."

"त्याला ठावं हाय, ह्ये कुनी ठरवला?"

"समजा, ठरलंय."

"तसा न्हाय समजायचा, बाई. गोष्ट सांगनारा पयल्याच वाक्यात ठरवून टाकतो, का याला ठावं हाय. मी बी ठरवला होता. चा पिता पिता ठरवला." मग त्यांनी पायाच्या अंगठ्याने फरशी घासली. "आनि समजा, खरंच ठावं हाय. समजा, आत माजी कृतिका हाय. मी मारीन बाई, खोटं कशाला बोलू. मी बाप्या मानूस हाय, माजं डोकं फिरंल. पन मग मना तुरुंगात टाका. मी बरोबर केला असा कुनी कागदावर लिवू नका. एकदा का कागदावर लिवला ना, का मग दुसऱ्या दिवशी पुढं अनिश असतो."

पस्तीस वर्षांत त्यांनी दिलेल्या उत्तरांपैकी हे सगळ्यात चांगलं होतं. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मार्क किती?" मी म्हटलं, "दहापैकी नऊ. बबनच्या बायकोला तुम्ही हे अजून सांगितलेलं नाही." ते म्हणाले, तिने आधीच विचारलंय, आणि ऐकून घेतलंय, आणि त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढलीय.

एक काम राहिलं होतं. अनिशच्या घरी जायचं. दोन महिने ते टाळत होते. शेवटी एका रविवारी सकाळी म्हणाले, "बाई, चला. एकट्यानं जमायचा न्हाय." त्यांनी बरोबर मिठाची पिशवी घेतली. माफी मागायला कोणी मीठ नेतं का, म्हणून मी थट्टा केली. "माज्याकडचा दुसरा काय हाय?" म्हणाले.

खारीतली एक खोली, वर पत्रा. अनिश कामावर गेला होता. पाय बरे होते, फक्त शिडी चढताना त्रास व्हायचा, आणि एसीचं काम शिडीशिवाय होत नाही. खाडीवर तो पुन्हा गेला नव्हता. वही पथकाने परत दिली होती, ती टीव्हीवर ठेवलेली होती. त्याची आई पन्नाशीची, बारीक, डोळे थकलेले. तिने आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः खाली बसली. बाळादादा लगेच खुर्चीतून उठून खाली बसले.

त्यांनी सगळं सांगितलं. 'तुमच्या पोराला मीच पकडून दिला,' इथपासून. आवाज ठणठणीतच होता, तो त्यांना लहान करताच येत नाही. ती ऐकत राहिली. तिला हे समिधाकडून आधीच कळलं होतं. ती 'माफ केलं' म्हणाली नाही आणि 'चालते व्हा' असंही म्हणाली नाही. चहा टाकला. मिठाची पिशवी उचलून फळीवर ठेवली.

चहा देताना ती म्हणाली, "काका, एक विचारू? इतके दिवस विचारायचं आहे. त्याला विचारलं की तो उठून जातो, वकील मॅडमला विचारायला लाज वाटली."

"विचार, बाय."

"तो दुपारचा जरा पडला तरी झोपेत बडबडतो. हात जोडतो, आणि एकाच बाईचं नाव घेतो. रखमाबाई, रखमाबाई. मी आमच्यात सगळीकडे विचारलं, कोणाला माहीत नाही." तिने बाळादादांकडे पाहिलं. "ही रखमाबाई कोण? तिने मारलं का त्याला?"

बाळादादांनी कप खाली ठेवला.

"न्हाय, बाय," ते म्हणाले. "ती माजी आय."